अकरा थांबे, एक शून्य

"बाई, पोरगं गेलं ते गेलंच. आता म्हणत्यात, त्यानंच सोताला मारलं."

भिगवणच्या एसटीडी बूथमधून धोंडीबा बोलत होते. २६ फेब्रुवारी १९९८, गुरुवार, सकाळचे सव्वाअकरा. प्रियदर्शनी बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असे. कार्यालयातल्या टेबलापाशी उभी राहून ती ऐकत होती.

"कोण म्हणतं?"

"चौकशीचा कागद आलाय. मयताच्या सदोष प्रोग्रॅममुळं अपघात, असं लिवलंय. सदोष म्हंजी?"

"चूक असलेला."

"म्हंजी त्येच." तारेतून नुसती खरखर आली. मग ते म्हणाले, "शनिवारी मशिन पुसणार हायेत. पुसल्यावर काय ऱ्हातंय? तुमी शिकवलंय त्याला. तुमीच बघा. चुकला असंल तर चुकला म्हणा, आमी ऐकून घिऊ. पण बघून म्हणा."

प्रियदर्शनीने दोन दिवसांची रजा टाकली.

*

बुद्धघोष चोवीस वर्षांचा होता. डाळजचा, कालव्याची दारं सांभाळणारे निवृत्त पाटकरी धोंडीबा आणि अक्काबाईंचा एकुलता मुलगा. पदविका घेऊन दोन वर्षांपूर्वी तो शेलारवाडीच्या सहकारी साखर कारखान्यात संगणक सांभाळायला लागला. चार फेब्रुवारीला दुपारी तीन पंचवीसला तो चालत्या गव्हाणीत सापडला. तोडलेला ऊस मोळ्यांसकट जिच्यात पडतो आणि साखळ्यांवरून गिरणीकडे सरकत जातो, ती ही गव्हाण.

डाळजच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याचा फोटो होता. हार सुकलेला होता. अक्काबाईंनी अहवाल आणि मुलाची वही प्रियदर्शनीसमोर ठेवली.

"त्यो तुमाला पत्रं लिवायचा," त्या म्हणाल्या. "यंत्राची पत्रं. आमाला दोन वळी. तुमाला चार पानं."

ते खरं होतं. गव्हाण चालवणाऱ्या संगणकाचा गाभा, म्हणजे मूळ प्रणाली, लिनक्सचा होता. त्या गाभ्याला जोडायचं मॉड्यूल बुद्धघोषने स्वतः लिहिलं होतं. जानेवारीत ते तीनदा कोसळलं. प्रत्येक वेळी पडद्यावर उमटलेले आकडे तो हाताने उतरवून बारामतीला पाठवत होता. अकरा दिवस शोधल्यावर चूक सापडली. गव्हाणीच्या तारा जोडलेल्या कार्डाकडून इशारा येण्याआधीच मॉड्यूल एका रिकाम्या जागेतून वाचत होतं. त्यानंतर ते एकदाही कोसळलं नाही.

"मॉड्यूल म्हंजी काय, ते सांगा," धोंडीबा म्हणाले. "मला कळायला पायजे."

"संगणक चालू ठेवूनच त्याच्या गाभ्यात एखादा तुकडा बसवता येतो, काढता येतो. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात."

धोंडीबांनी विचार केला. "पाट वाहता ठेवून दार बदलायचं."

"तसंच."

"लई जोखमीचं काम."

"हो. म्हणून त्याने दोन दारं ठेवली होती. एक जुनं, एक नवं. जुन्याला एकच गोष्ट कळायची. गिरणीच्या तोंडाशी ऊस साठला की गव्हाण थांबवायची, साठा ओसरला की आपोआप चालू करायची. नव्यात त्याने दोन गोष्टी घातल्या. गव्हाणीच्या काठावर एक स्विच. तो खाली ओढला की गव्हाण थांबणार, आणि वर करेपर्यंत काही केल्या चालू होणार नाही. दुसरा, विजेचा डोळा. कुणी आत पडलं तर डोळ्याला दिसून गव्हाण थांबेल."

"मंग त्यो आत असताना सुरू कशी झाली?"

"तेच बघायचं आहे."

तिने वही चाळली. अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीने. एका पानावर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांऐवजी बोराएवढी अक्षरं होती: *अडचण आली तर. उतरवायचं: आरएममॉड. चढवायचं: इन्समॉड. आधी उतरव, मग चढव.* खाली दोन्ही मॉड्यूलांची नावं. गव्हाण-एक, गव्हाण-दोन.

अहवालाच्या शेवटी संगणकाच्या पडद्याची छापील प्रत होती. अपघातादिवशी सायंकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी काढलेली. प्रियदर्शनीने ती दोनदा वाचली.

*यंत्र चालू होऊन: १९ दिवस. गाभ्यातलं मॉड्यूल: गव्हाण-दोन. सुरक्षा थांबे: ०. गाभ्याचे संदेश: एकही नाही.*

दारात सायकल लागली. पंचविशीचा एक मुलगा डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन आत आला, ती माठाशी उतरवली आणि मग त्याला पाहुण्या दिसल्या.

"ह्यो सिद्धू," अक्काबाई म्हणाल्या. "पलीकडल्या आळीचा. त्यालाबी तितंच काम, गव्हाणीच्या केबिनीत. दोघं पहिलीपासनं संगं. जीपमधी बाळाचं डोकं ह्येच्याच मांडीवर हुतं बगा. आता रोज येतो. मी म्हणलं, आरं, बायकांची कामं काय करतोस, तर ऐकतच न्हाय."

"अक्का, किती येळा सांगशीला," सिद्धू म्हणाला.

"सांगंन. माजा एक गेला, एक ऱ्हायला, ह्ये सांगू नको व्हय?"

सिद्धूने प्रियदर्शनीकडे पाहिलं नाही. "मशिन बगायला आलासा का मॅडम? काय उपेग न्हाय. आता काय बी केलं तरी त्यो येनार हाय का?"

"येणार नाही. त्याचं नाव परत येईल."

तो रिकामी बादली घेऊन पुन्हा पाण्याला गेला.

*

शुक्रवारी सकाळी अक्काबाई एसटीत चढल्या, तेव्हा धोंडीबा त्यांना उतरवायला बघत होते.

"तुजं काय काम तितं?"

"तुमचं काय हाय? तुमाला तरी कुठं मशिन कळतंय!"

तिघंही शेलारवाडीला पोहोचले. मुख्य अभियंता आप्पासाहेब जाड चष्म्याचे, पांढऱ्या सफारीतले. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मॅडम, पंचनामा झाला, चौकशी झाली. उकरून काय निघणार?"

"चौकशीत कुणी मॉड्यूल चालवून पाहिलं का?"

"माणूस मेल्यावर चालवून बघायचं?"

"मेल्यावरच बघायला हवं होतं. त्या दिवशी गव्हाण किती वेळा थांबली?"

आप्पासाहेबांनी पाळीची नोंदवही उघडली. "आठ ते दोन पन्नासपर्यंत अकरा वेळा. विजेचा डोळा अडला, असं कारण लिहिलंय. उसाच्या पाचटाची धूळ बसायची त्या डोळ्यावर. माणूस आहे समजून बंद. बाहेर बैलगाड्यांची रांग नदीपर्यंत, आणि इथं यंत्राला भास होतायत!"

"दोन पन्नासनंतर?"

"नोंद नाही. म्हणजे थांबली नसेल. आणि त्या दिवशी चारला पोतेपूजन होतं. साखरेचं, हंगामातलं तीन लाखावं पोतं. संचालक मंडळ, पाहुणे, सगळे. आमच्याकडे पोतं पूजताना गव्हाण हलती लागते, मॅडम. बंद गव्हाणीपुढं पोतं पूजलं, तर हंगाम रडत जातो असं म्हणतात. माझा विश्वास नाही. पण अध्यक्षांचा आहे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तीनला पाच मिनिटं असताना केबिनीत गेलो. सिद्धू एकटाच होता. म्हटलं, पूजा होईस्तवर गव्हाण थांबली, तर उद्यापासून दोघंही कामावर येऊ नका." त्यांनी नोंदवही मिटली. "रागात म्हटलं. असं म्हणायची रीत असते."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून टाय लावलेला तरुण उठला. यशराज, पुण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी. बुद्धघोषच्या आधी गव्हाणीचं नियंत्रण त्याच्या कंपनीचं होतं, उद्यापासून पुन्हा होणार होतं.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," तो म्हणाला. "फुकट मिळालेली सिस्टिम आणि घरी लिहिलेले ड्रायव्हर. हा कारखाना आहे, कॉलेजचा प्रोजेक्ट नाही."

"मॉड्यूल बदलायला मुख्य पासवर्ड लागतो. तो कुणाकुणाकडे होता?"

"बुद्धघोष. सिद्धू. आणि मी. जुनं काम हस्तांतरित झालं नव्हतं, म्हणून माझ्याकडेही राहिला होता." त्याच्या लक्षात आलं. "माझ्यावर संशय घेताय?"

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पूजेला बोलावलं होतं. तीनपासून आप्पासाहेबांबरोबर मांडवात. आरडाओरडा ऐकून धावलो. जीप माझीच गेली इंदापूरला, दवाखान्यात."

"किती वाजता निघाली?"

"तीन पस्तीसला. फाटकावर नोंद असेल."

फाटकावर नोंद होती. तीन पस्तीसच.

*

गेणबा गव्हाणीवर आकड्याने मोळ्या सोडवायचं काम करत असे. पन्नाशीचा, डाव्या हाताला दोन बोटं कमी. तो बोलताना आवाज चढवायचा, कारण आयुष्यभर साखळ्यांच्या खडखडाटातच बोलत आला होता.

"सकाळपासनं नुसती आडत हुती, मॅडम. चालली की आडली, चालली की आडली. नवी नवरीबी इतकी रुसत न्हाय. पण तीन वाजल्यापसनं कशी गुमान चालली. म्हणलं, सायबाची शिवी लागू पडली."

"मग बुद्धघोष उतरला कसा?"

"त्यो पलीकडच्या लोखंडी जिन्यानं आला. हातात फडकं. म्हणला, मामा, डोळा पुसून येतो, पूजेच्या टायमाला आडाया नको. स्विच खाली वढला. लाल दिवा लागला. गव्हाण थांबली."

"लगेच?"

गेणबाने आठवून पाहिलं. "दोन मोळ्या गेल्या, मंग थांबली. उतरला. दीड मिन्ट झालं आसंल. पुसून माघारी वळला आन् आपसुक सुरू झाली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तवर..."

अक्काबाई तिथेच उभ्या होत्या.

"लाल दिवा तेव्हाही चालू होता?"

"चालूच की! म्हणून तर समदी म्हणत्यात, स्विच वढलेला आसून पोराचा प्रोग्रॅम चुकला."

"जीपमध्ये कोण कोण होतं?"

"मी आन् ह्ये पुण्याचं सायेब. कारखान्याचं दिवाणजी फुडं."

"आणि सिद्धू?"

"सिद्धू? न्हाय वो. त्यो मागनं आला, कुणाच्या तरी मोटरसायकलीवर. आमी पोचल्यावर पाव तासानं. डोकं माज्या मांडीवर हुतं."

अक्काबाईंनी पदर तोंडाला लावला आणि केबिनीच्या बाकावर जाऊन बसल्या.

*

केबिनीत संगणक बंद होता, मोहोर लावलेला; अपघातापासून गव्हाण हातानेच चालवत होते. आप्पासाहेबांच्या समोर मोहोर तोडली. यशराजने बटणाकडे हात नेला.

"थांबा!" प्रियदर्शनी म्हणाली. "तो स्वतःच्या डिस्कवरून सुरू झाला, तर मॉड्यूलची फाईल वाचेल. कुठली फाईल शेवटची कधी वाचली गेली, ती वेळ डिस्कवर लिहिलेली असते. नव्याने वाचलं की जुनी वेळ पुसली जाते."

तिने पर्समधून दोन फ्लॉपी काढल्या. यंत्र तिने त्यांच्यावरून सुरू केलं. त्याच फ्लॉपींवरचा गाभा दोन वर्षांपूर्वी बुद्धघोषला तिनेच दिला होता. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. एक आज्ञा दिली आणि दोन ओळी वहीत उतरवल्या. त्यांवर तिने हात ठेवला.

"काय निघालं?" यशराजने विचारलं.

"आधी मॉड्यूल तपासू."

तिने गव्हाण-दोनची प्रत फ्लॉपीवर घेतली आणि ती गाभ्यात चढवली. गव्हाणीची तार सोडवून तिच्या जागी एक बल्ब लावला. बल्ब पेटला म्हणजे गव्हाण चालू. मग गेणबाला काठावरच्या स्विचपाशी उभं केलं.

"ओढा."

बल्ब विझला.

"वर."

पेटला.

असं दोनशे वेळा केलं. मध्येच तिने गिरणीच्या तोंडाशी ऊस साठल्याचा आणि ओसरल्याचा खोटा इशारा दिला. स्विच खाली असताना बल्ब एकदाही पेटला नाही. शंभराव्या वेळी गेणबा खिडकीतून ओरडला, "मॅडम, उरल्याली आठ बोटंबी झिजली की!" दीडशेनंतर तो हसत नव्हता. त्यालाही कळलं होतं की हे चालतंय.

तिने थांब्यांचा आकडा पडद्यावर आणला. दोनशे. मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवलं. शून्य.

"सिद्धूला बोलवा," ती म्हणाली.

*

सिद्धू आला, तेव्हा केबिनीत सगळे होते. आप्पासाहेब आणि यशराज खुर्च्यांवर, गेणबा दाराशी. धोंडीबा आणि अक्काबाई बाकावर. प्रियदर्शनीने वर्गात बोलावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली.

"मॉड्यूल चुकीचं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. नवं मॉड्यूल गाभ्यात असताना स्विच खाली असेल, तर गव्हाण सुरू होऊच शकत नाही. पण ती सुरू झाली. म्हणजे तीन पंचवीसला नवं मॉड्यूल गाभ्यात नव्हतं."

"छापील कागदावर नवंच आहे," यशराज म्हणाला.

"पाच वाजता होतं. त्याच कागदावर सुरक्षा थांबे शून्य आहेत. नोंदवहीत त्या दिवसाचे अकरा थांबे आहेत. आकडा शून्य फक्त दोनदा होतो. यंत्र नव्याने सुरू झालं की, किंवा मॉड्यूल नव्याने चढवलं की. यंत्र तर एकोणीस दिवस सलग चालू होतं. मग उरलं काय? अपघातानंतर कुणीतरी नवं मॉड्यूल पुन्हा चढवलं. आणि मॉड्यूल चढल्या-उतरल्याचे गाभ्याचे संदेश पुसून टाकले. एकोणीस दिवस चाललेल्या यंत्रात एकही संदेश नसतो का? चौकशीवाल्यांना वाटलं, संदेश नाही म्हणजे यंत्रात बिघाड नाही, दोष प्रोग्रॅमचाच. खरं म्हणजे पाटी कुणीतरी पुसली होती."

"पण गव्हाण स्विचनं थांबली की! मी पायली," गेणबा म्हणाला.

"तुम्ही स्विच पाहिला, दिवा पाहिला, आणि गव्हाण थांबताना पाहिली. दिव्याची तार थेट स्विचला आहे, संगणकाशी तिचा संबंध नाही. नवं मॉड्यूल स्विच ओढताक्षणी थांबवतं, आत्ता बघितलंत. त्या दिवशी मध्ये दोन मोळ्या गेल्या. कारण थांबवलं जुन्या मॉड्यूलने, आणि ते स्विचसाठी नाही. गिरणीच्या तोंडाशी ऊस साठला होता म्हणून. योगायोगाने त्याच वेळी. बुद्धघोषला वाटलं, आपला स्विच चालला. दीड मिनिटात साठा ओसरला. जुन्या मॉड्यूलला आत माणूस आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने आपलं नेहमीचं काम केलं."

धोंडीबा पुटपुटले, "दार बदललं हुतं."

"हो आबा. तीनपासून विजेचा डोळा एकदाही अडला नाही, तेव्हाच बदललं होतं. धूळ तर तितकीच होती. आता वेळा ऐका." तिने वही उघडली. "जुनं मॉड्यूल डिस्कवरून शेवटचं वाचलं गेलं तीन वाजून सहा मिनिटांनी. नवं, तीन एक्केचाळीसला. पासवर्ड तिघांकडे. तीन सहाला बुद्धघोषने जुनं चढवलं असतं, तर फडकं घेऊन डोळा पुसायला तो उतरलाच नसता. जुन्याला डोळाच नाही. तीन सहाला यशराज मांडवात होते. तीन एक्केचाळीसला ते गेणबांबरोबर जीपमध्ये होते. बुद्धघोषही त्याच जीपमध्ये होता."

तिने वहीचं ते मोठ्या अक्षरांचं पान सिद्धूपुढे धरलं.

"हे त्याने स्वतःसाठी लिहिलेलं नाही. ज्याला हे नवीन होतं त्याच्यासाठी लिहिलंय. तुझ्यासाठी ना?"

सिद्धूने पानाला हात लावला नाही.

"सिद्ध्या," अक्काबाई म्हणाल्या, "बाईला सांग, तू न्हाय म्हणून."

बाहेर साखळ्यांचा खडखडाट चालू होता.

"मीच, अक्का," सिद्धू म्हणाला. "सायेब म्हणलं, गव्हाण थांबली तर दोघंबी येऊ नका. माजी नोकरी हंगामी. पण त्याची... त्याची तर कायम व्हायची हुती मार्चमदी. म्हणलं, तासाभरासाठी जुनं चढवावं. पूजा झाली की परत नवं. त्यानंच शिकवलं हुतं. आन् त्याला सांगायला खाली उतरलो. कँटीनमदी बगितलं, मांडवात बगितलं. त्यो पलीकडच्या जिन्यानं गेला. मला दिसलाच न्हाय."

"म्हणजे तू त्याची नोकरी वाचवायला जुनं चढवलंस," प्रियदर्शनी म्हणाली, "आणि तो तुमच्या दोघांची वाचवायला डोळा पुसत होता."

"व्हय."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "मी फक्त थांबवू नका म्हणालो होतो."

"तेही लिहिणार आहे मी," प्रियदर्शनी म्हणाली. "दोघांना कामावरून काढायची धमकी, शब्दशः. सही तुमची घेईन." ती पुन्हा सिद्धूकडे वळली. "इथपर्यंत चूक होती, सिद्धू. न सांगता चालत्या यंत्रातलं मॉड्यूल बदललंस. चूक जीवघेणी, पण चूकच. तीन एक्केचाळीसला काय केलंस ते सांग."

"आरडावरड आयकून पळत आलो. त्येला जीपमदी घालत हुते. मी वर केबिनीत पळालो." त्याने कीबोर्डाकडे बोट दाखवलं. "जुनं उतरवलं. नवं चढवलं. पाटी पुसली."

"का?"

"भ्यालो."

"त्याचा जीव होता तेव्हा."

"व्हय."

"आणि सगळा दोष त्याच्या मॉड्यूलवर जाणार, हे तुला माहीत होतं."

सिद्धू खाली बसला. भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून. "वाटलं, त्यो वाचंल. वाचला की त्याला सांगंन, त्यो मला मारंल, शिव्या दील, मंग मिटंल. त्यो गेला. मंग कुणाला सांगू?"

"मला," धोंडीबा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तीन आठवडे माज्या घरात येत हुतास. मला सांगायचं."

यशराज उठून खिडकीशी गेला. मागे न वळता म्हणाला, "चौकशीत मी सांगितलं होतं, मॉड्यूल सदोष आहे. न तपासता सांगितलं. मी लिहून देतो तसं."

प्रियदर्शनीने कागद ओढला. तारीख घातली. पहिलं वाक्य लिहिलं: *गव्हाण-दोन या मॉड्यूलमध्ये दोष आढळला नाही.* धोंडीबांनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

अक्काबाई उठल्या होत्या. सिद्धूपाशी त्या थांबल्या नाहीत. दाराशी उभ्या गेणबासमोर गेल्या.

"जीपमधी तुमच्या मांडीवर हुता ना, दाजी?"

"व्हय, वैनी."

"काय बोलला?"

गेणबाने आकड्याची मूठ या हातातून त्या हातात घेतली. "ऱ्हाऊ द्या की."

"काय बोलला?"

"म्हणला..." गेणबाचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणला, सिद्धूला सांगा, स्विच चालला न्हाय. माजंच कायतरी चुकलं. दुसऱ्या कुणाला आत उतरू देऊ नगा."

सिद्धूच्या तोंडातून एक आवाज निघाला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

प्रियदर्शनीचं पेन कागदावर थांबलं. तिने आयुष्यात तपासलेल्या सगळ्या मॉड्यूलांत इतकं नीट लिहिलेलं दुसरं नव्हतं. ज्याने ते लिहिलं, तो इंदापूरच्या वाटेवर बावीस मिनिटं स्वतःची चूक शोधत गेला होता.

अक्काबाई तिच्याजवळ आल्या. टेबलावरच्या कागदाकडे त्यांनी पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्यात लिवलंय, माज्या बाळाचं चुकलं न्हाय?"

"हो, अक्का."

"समद्यांना कळंल?"

"कळेल. सरकारला, कारखान्याला, सगळ्यांना."

"बरं झालं," अक्काबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"पण बाई," त्यांनी विचारलं, "त्याला कुणी सांगायचं?"